काउंटिंग क्रोजचा पहिला अल्बम आणि आमच्या कॅसेटवर नसलेलं अकरावं गाणं

खाडीपूल

'ऑगस्ट अँड एव्हरीथिंग आफ्टर' हा काउंटिंग क्रोज या अमेरिकन रॉक बँडचा पहिला अल्बम मी नऊ वर्षं अपुरा ऐकला, आणि तो अपुरा आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

१९९४ ची दिवाळी. आम्ही तेव्हा ठाण्यात, नौपाड्यात राहायचो. मामेभाऊ जहाजावर होता. सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा सीड्या जास्त असायच्या. आमच्याकडे सीडी वाजवायला काही नव्हतं, म्हणून त्यानेच कुणाच्या तरी डेकवर टीडीकेच्या ९० मिनिटांच्या कॅसेटवर मला हा अल्बम भरून दिला. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, अल्बम जवळजवळ ५२ मिनिटांचा. दहावं गाणं 'रेनिंग इन बाल्टिमोर' विझत जातं तिथेच टेप संपायची आणि टू-इन-वनचं बटण खट्कन वर यायचं. कव्हरच्या कागदावर भावाने पेन्सिलीने दहाच नावं लिहिली होती. त्यामुळे माझ्या लेखी अल्बम तिथे, त्या पावसात, एकटेपणातच संपत होता. बी बाजूला आमच्या आजीच्या ओव्या होत्या, भावानेच आधी कधीतरी रेकॉर्ड केलेल्या.

पुढे कॉलेज नवी मुंबईत मिळालं. ठाणे-वाशी लोकल तेव्हा नव्हती. ठाणे-बेलापूर रस्त्याने बसने जायचो. कळवा नाका सोडला की कारखान्यांचा तो वास नाकात भरायचा आणि त्याच सुमाराला वॉकमनवर 'राउंड हिअर' सुरू झालेलं असायचं. आजही ते गिटार सुरू झालं की मला दिघ्याच्या आसपासचा तो रासायनिक वास येतो.

ज्यांनी हा अल्बम ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. बँड सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठचा. ॲडम ड्युरिट्झ गायचा, डेव्हिड ब्रायसन गिटार वाजवायचा, आणि १९९१ च्या सुमाराला ही दोघंच कॉफीहाउसांमधून कार्यक्रम करायची. मग बाकीचे जमत गेले. १४ सप्टेंबर १९९३ ला गेफन कंपनीने अल्बम काढला. त्यानंतर आठवड्याभरात त्याच कंपनीच्या घराण्यातून अमेरिकेत निर्वाणा या दणदणीत रॉक बँडचा 'इन युटेरो' आला, यावरून तेव्हाची हवा लक्षात येईल. सगळीकडे गिटारी गर्जत होत्या. आणि ही पोरं मेंडोलिन, अकॉर्डियन आणि हॅमंड ऑर्गन घेऊन आली. तरीही अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढला आणि एकट्या अमेरिकेत ७० लाखांच्या वर खपला. पहिल्याच अल्बमला!

धागा काढायचं कारण असं की या अल्बमला सगळे 'लोकसंगीताची छटा असलेला रॉक' म्हणतात. मीही म्हणतो. पण ती छटा नेमकी कशात आहे? मेंडोलिन वाजलं की झालं लोकसंगीत? मला तसं वाटत नाही, पण नीट सांगताही येत नाही. ठाण्यात, नवी मुंबईत त्या काळात हा अल्बम ऐकलेलं आणखी कुणी आहे का? बोला.

जुना_नौपाडा

आहे की! मी गोखले रोडच्या मागच्या गल्लीतला. आमच्याकडे केबलवर 'मिस्टर जोन्स'चा व्हिडिओ लागायचा. गायकाच्या त्या जटा आणि हात पसरून नाचणं बघून आई म्हणायची, "अंगात आलंय का रे याच्या?" ती नावं ठेवत नव्हती, तिला खरंच विचारायचं होतं. तिच्या माहेरी नवरात्रात अंगात येणं तिने पाहिलेलं होतं.

थोडी भर घालतो. अल्बम आल्या आल्या खपला असं झालं नाही. जानेवारी १९९४ मध्ये 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात त्यांना बोलावलं आणि त्यांनी हट्टाने आधी 'राउंड हिअर' गायलं, म्हणजे रेडिओवर गाजत असलेलं 'मिस्टर जोन्स' मागे ठेवून हे संथ, साडेपाच मिनिटांचं गाणं. त्यानंतर अल्बम झपाट्याने वर गेला. त्याच्याही आधी, जानेवारी १९९३ मध्ये, अल्बमचा पत्ता नसताना, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे रॉकमधल्या दिग्गजांच्या सन्मानाच्या, सोहळ्यात गायक व्हॅन मॉरिसन आला नाही म्हणून त्याचं गाणं म्हणायला या अनोळखी पोरांना उभं केलं होतं. सभागृहात बसलेल्यांना हे कोण हेच माहीत नव्हतं.

सडेतोड

मी विरुद्ध बाजूने बोलतो, राग मानू नका. मी हा अल्बम तीनदा मन लावून ऐकलाय. गाणी चांगली बांधली आहेत, वाद्यं सुरेख आहेत. पण सगळीकडे 'मी, माझं, मला' चालू आहे. लोकसंगीत म्हणजे गावाचा आवाज. जात्यावर बसलेली बाई स्वतःचं दुःख सांगते तेव्हा ते शेजारणीचंही असतं, आणि शेजारीण पुढची ओळ जोडू शकते. ड्युरिट्झच्या दुःखात मला ओळ जोडायला जागाच सापडत नाही. म्हणून मी याला उत्तम रॉक म्हणेन, पण त्यात लोकसंगीत आहे असं म्हणणार नाही. खाडीपूल यांनी विचारलंय की छटा कशात आहे. माझ्या मते ती फक्त वाद्यांत आहे.

फेडर

मी कोपरीत राहतो, तीस वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम केलंय, म्हणून आवाजाबद्दल बोलतो.

सडेतोड, वाद्यांत आहे हे खरं, पण कोणती वाद्यं आहेत यापेक्षा कोणती नाहीत ते ऐका. निर्माता टी बोन बर्नेट. हा माणूस १९७५ मध्ये बॉब डिलनच्या फिरत्या ताफ्यात गिटार वाजवायचा. पुढे अमेरिकेतल्या जुन्या डोंगरी आणि खेड्यातल्या गाण्यांवर बेतलेल्या ज्या चित्रपट-संगीताला २००२ मध्ये वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तेही याचंच काम. त्याने या मंडळींना लॉस एंजेलिसच्या टेकड्यांवरच्या एका मोठ्या घरात बसवून रेकॉर्डिंग केलं. हेडफोन लावून ऐका, घर ऐकू येतं. ड्रम फार थोडे. झांजा हात राखून. गिटारवर त्या काळात सर्रास असायचा तो धुराळा नाही. 'ओमाहा' सुरू होतं तेव्हा अकॉर्डियनचा भाता श्वास घेतो, तो श्वास तसाच ठेवलाय. आमच्या धंद्यात असले आवाज पुसायला सांगतात.

आणि मागचे आवाज! जेहॉक्स बँडचे गॅरी लुरिस आणि मार्क ओल्सन, शिवाय मारिया मॅकी. हे सगळे त्या कंट्री-फोकच्या, म्हणजे अमेरिकन ग्रामीण लोकसंगीताच्या वाटेवरचे गायक. ते ड्युरिट्झला चिकटून गात नाहीत, जरा बाजूला उभे राहिल्यासारखे गातात. आपल्याकडे भजनात टाळकरी जसे बुवांच्या किंचित मागून येतात, तसं. ते मागून येणं काटेकोर केलं की भजन मरतं. बर्नेटने ते मरू दिलं नाही.

मी स्वतः एकदा एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करताना सगळ्यांना वेगवेगळं बसवून, एकेकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेतला होता. आवाज स्वच्छ आला आणि त्यात प्राण नव्हता. पैसे परत केले आणि पुन्हा एकत्र बसवून, मध्ये दोनच माइक ठेवून घेतलं. तेव्हापासून हा अल्बम माझ्यासाठी शिकवणीचा आहे.

धवलारीण

मी घणसोलीची, आगरी. घरात आजी धवलारीण होती, लग्नात धवले गायची, म्हणून हे नाव घेतलंय.

लोकसंगीताची छटा कुठे हा प्रश्न मला माझ्या बाजूने दिसतो. गाण्यांची नावं बघा. ओमाहा. बाल्टिमोर. सलिव्हन स्ट्रीट. एक शहर अमेरिकेच्या मधोमध, एक पूर्व किनाऱ्यावरचं बंदर, एक रस्ता. जागेचं नाव गाण्यात घेणं ही लोकगीताची पहिली खूण आहे. आमच्या धवल्यांत नवरा नुसता 'येत' नाही, तो कुठून, कोणत्या वाटेने येतो ते सांगावं लागतं. कोळीगीतांत बंदराचं नाव, देवीचं नाव, डोंगराचं नाव असतंच असतं. एकवीरा कार्ल्याच्या डोंगरावर आहे हे आम्ही गाण्यातून शिकलो, भूगोलातून नाही.

१९९० च्या दशकात आमच्याकडे हळदीला बेंजो यायला लागला. अजूनही हळदीला बेंजो पार्टी नसेल तर पाहुणे विचारतात. तारांचं ते वाद्य, विजेवर जोडलेलं, मोठ्या स्पीकरमधून. लोक म्हणायचे गोंगाट आहे. मला मात्र तेव्हाही वाटायचं की हे आमचं रॉक आहे: जुनी चाल, नवी वीज. काउंटिंग क्रोजने मेंडोलिन जिथे ठेवलं तिथेच आमच्या पोरांनी बेंजो ठेवला.

फरक इतकाच की गाण्यात 'बाल्टिमोर' आलं तर जग ते ऐकतं आणि 'घणसोली' आलं तर आमचीच शिकलेली मुलं लाजतात. मी लाजत होते. कॉलेजात कुणी विचारलं कुठे राहतेस तर 'कोपरखैरण्याजवळ' म्हणायचे. एका मैत्रिणीने हा अल्बम ऐकवला. ओमाहा हे गाव कुठलं हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं, तरी दोघी ते नाव मोठ्याने म्हणत होतो. त्या दिवशी मनात आलं, आमच्या गावाचं नाव असं मोठ्याने का म्हणू नये? आता म्हणते.

सडेतोडदादा, ओळ जोडायला जागा नाही म्हणता, मी माझ्या गावाचं नाव जोडलं ना त्यात!

सडेतोड

ताई, हे मला सुचलं नव्हतं. तुमचं म्हणणं मनापासून पटलं.

बोलबनाव

वाशीत संगीत शिकवते. ठुमरी माझा जीव की प्राण, म्हणून त्या अंगाने सांगते.

ठुमरीत एक ओळ घेतात आणि तिचे बोल वेगवेगळ्या सुरांत घोळवतात. शब्द तेच, पण एकदा रुसवा, एकदा विनवणी, एकदा नुसता थकवा. त्याला बोलबनाव म्हणतात. ड्युरिट्झ हेच करतो. 'राउंड हिअर'मध्ये तो शब्दपंक्ती ठरलेल्या मात्रांत बसवत नाही. ओळ लांबते, तालाच्या बाहेर जाते, कुजबुजते, मग एकदम आरोळी होऊन समेला लागते. मंचावर तर हे गाणं दहा मिनिटांचंही होतं. मध्येच तो दुसऱ्या गाण्याच्या ओळी आणतो, नव्या रचतो, परत येतो. १९९८ मध्ये त्यांचा 'अक्रॉस अ वायर' नावाचा दोन भागांचा जिवंत कार्यक्रमांचा अल्बम आला, त्यात तीच गाणी दोन वेगळ्या रात्री दोन वेगळ्या स्वभावांची होतात.

ज्या संगीतात छापील शब्द शेवटचा नसतो, गाणाऱ्याच्या तोंडी तो दरवेळी पुन्हा जन्मतो, त्याला मी मौखिक परंपरेचं संगीत म्हणते. कीर्तनकार एकच आख्यान दोन गावांत सारखं लावत नाही, तसं. म्हणून माझ्या मते लोकसंगीताची छटा मेंडोलिनमध्ये थोडी आणि गळ्यात जास्त आहे.

याचं सगळ्यात हलवून टाकणारं उदाहरण 'मिस्टर जोन्स'. मार्टी जोन्स हा ड्युरिट्झचा मित्र, 'द हिमालयन्स' नावाच्या त्याच्या आधीच्या बँडमधला बास वाजवणारा. ('राउंड हिअर' मुळात त्याच बँडमध्ये जन्मलं.) मार्टीचे वडील फ्लॅमेंको गिटार वाजवायचे. त्यांचा कार्यक्रम ऐकून रात्री हे दोघे सॅन फ्रान्सिस्कोतल्या न्यू ॲमस्टरडॅम नावाच्या बारमध्ये बसले होते, आणि आपण नामांकित असतो तर समोरच्या मुलींशी बोलायचं धाडस झालं असतं, असं त्यांच्या मनात येत होतं. यातून गाणं झालं. प्रसिद्ध होण्याची भाबडी, उघडीवाघडी इच्छा. आणि त्याच गाण्याने तो प्रसिद्ध झाला, इतका की त्याला ते झेपेना. १९९५ मध्ये दोन ग्रॅमी नामांकनं मिळाली, तोवर हा माणूस गर्दीपासून पळून लॉस एंजेलिसच्या एका क्लबमध्ये बारमागे काम करू लागला होता. पुढे मंचावर गाताना त्याने त्या ओळी बदलल्या. सगळे तुमच्यावर प्रेम करतात तेव्हा काय होतं, ते त्याला आता कळलं होतं. चाल तीच, पण गाणं आता पहिल्या इच्छेला उत्तर देतं. २००८ मध्ये त्याने स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल उघडपणे सांगितलं, त्यानंतर मी मूळ गाणं पुन्हा लावलं तर त्यातला आनंद ऐकून रडू आलं.

विशी

मी 'श्रेक २' या ॲनिमेशनपटातल्या याच बँडच्या 'ॲक्सिडेंटली इन लव्ह' गाण्यामुळे इथवर आले. हे धागे वाचून काल पूर्ण अल्बम ऐकला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कुठलं गाणं पुन्हा ऐकावं?

खाडीपूल

विशी, 'ॲना बिगिन्स'. प्रेम होतंय की नाही, हे दोन माणसं एकमेकांना आणि स्वतःलाही कबूल करत नाहीत, आणि ड्रम त्या दोघांच्या अडखळत्या बोलण्यासारखा चालतो. पहिल्यांदा ते लक्षात येत नाही. तिसऱ्यांदा येतं, आणि मग सुटत नाही. 'परफेक्ट ब्लू बिल्डिंग्ज' मात्र दुपारी एकटं असताना ऐकू नका, फार आत ओढतं.

पागोळी

नोकरीनिमित्त दोन वर्षं बाल्टिमोरला होते, आता पाचपाखाडीत. त्या दहाव्या गाण्याबद्दल मला लिहायचंच आहे.

ड्युरिट्झचा जन्म बाल्टिमोरचा, १९६४ चा. गाण्यात ड्रम नाहीत. पियानो, मागून अकॉर्डियन, आणि तो. मागणी काय करतो? कुणाचा तरी फोन. रेनकोट. मी ठाण्यात वाढले. पाऊस म्हणजे आमच्याकडे माणसं. पागोळ्यांखाली दाटीवाटीने उभं राहणं, मासुंदा तलावाच्या कठड्यावर कणीस, स्टेशनवर गाड्या खोळंबल्या की अनोळखी माणसांशी तासभर गप्पा. पावसात माणूस एकटा असू शकतो हे मला तिथे गेल्यावर कळलं. नोव्हेंबरचा गार, बारीक, आवाजच न करणारा पाऊस. खिडकीबाहेर तासन्‌तास एक माणूस दिसत नाही. आईला फोन करायचा तर इकडे पहाटेचे तीन वाजलेले. तेव्हा ते गाणं लावायचे. दुःख वाढवायला नव्हे. याच शहरात, याच पावसात कुणीतरी आधी फोनची वाट पाहिली आहे, एवढ्यासाठी.

अजून एक. 'राउंड हिअर'चं मराठी काय करणार? मी करते 'आमच्याकडे'. "आमच्याकडे असं चालत नाही", "आमच्याकडे मुली उशिरा येत नाहीत", "आमच्याकडे सगळे शिकलेले". लहानपणापासून ऐकलेली ही वाक्यं. घरच्यांनी सांगितलं तसं वागलं की आयुष्य नीट जुळून येईल, आणि मग ते येत नाही. त्या गाण्यात प्रत्येक 'आमच्याकडे' नंतर जे येतं ते थोडं थोडं ढासळत जातं. मला तर हे गाणं गोखले रोडवरच्या कुठल्याही दोन खोल्यांच्या घरातलं वाटतं.

बेलापूर_किल्ला

एक भारतीय धागा राहिला. या अल्बमवर बास वाजवणारा मॅट मॅली २००५ मध्ये बँडमधून बाहेर पडला आणि पुढे मोहनवीणा वाजवू लागला. मोहनवीणा म्हणजे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीत बदल करून घडवलेलं वाद्य. भट्टांचा अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' हा अल्बमही १९९३ चाच, त्याला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. आणि आपल्याकडच्या 'इंडियन ओशन' बँडचा पहिला अल्बमही त्याच वर्षीचा. तिन्ही एका वर्षात!

सडेतोड

खाडीपूल, एक राहूनच गेलं. ते अकरावं गाणं शेवटी कधी आणि कसं ऐकलंत? आणि बँडच्या नावाचा अर्थ काय?

खाडीपूल

दोन्हींचं उत्तर एकच आहे.

२००३. पगार व्हायला लागला होता. काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये शनिवारी जायचो. एका शनिवारी हा अल्बम सीडीवर दिसला. गाणी पाठ होती, तरी घेतला. परत येताना गाडीत सीडीच्या मागची नावं सहज वाचत होतो. दहा झाली आणि अकरावं होतं. 'अ मर्डर ऑफ वन.' मला वाटलं नवीन आवृत्तीत भर घातली असेल. घरी येऊन लावलं.

इंग्रजीत कावळ्यांच्या थव्याला 'मर्डर' म्हणतात. म्हणजे एकाच कावळ्याचा थवा. आपण कावळ्यांची शाळा भरली म्हणतो, तर ही एकट्या कावळ्याची शाळा. गाण्यात एक मुलगी बर्फाळ टेकडीवर उभी राहून कावळे मोजते आहे. इंग्लंडात पक्षी मोजून शकुन बघायचं जुनं गाणं आहे: एक दिसला तर दुःख, दोन तर आनंद, तीन मुली, चार मुलगे, पाच चांदी, सहा सोनं आणि सात म्हणजे कधीच न सांगायचं गुपित. बँडचं नाव त्यावरून. म्हणजे ज्या गाण्यात नावाचा उगम, नेमकं तेच माझ्याकडे नव्हतं.

आणि ते गाणं उजेडाचं आहे! बाल्टिमोरच्या पावसानंतर गिटारी मोकळ्या सुटतात, आणि शेवटी तो 'चेंज', म्हणजे बदल, असं पुन्हा पुन्हा ओरडत राहतो. नऊ वर्षं मी जो अल्बम हार मानून संपतो असं समजत होतो, तो दार उघडून संपत होता. त्या नऊ वर्षांत माझं बरंच काही अडलं होतं. मी एका नोकरीत, एका खोलीत रुतून बसलो होतो. गाणं सहा मिनिटांचंही नाही. मी ते त्या रात्री किती वेळा लावलं ते मोजलं नाही.

दुसरं म्हणजे, आपल्याकडे कावळा काय काय करतो! दारात ओरडला की पाहुणा येणार. पिंडाला शिवला नाही की गेलेल्याचं काहीतरी सांगायचं राहिलं. आजी गेली तेव्हा दहाव्याला कावळा तासभर शिवला नव्हता. मामेभाऊ जहाजावर होता. मामाने मोठ्याने म्हटलं, "त्याची काळजी करू नकोस, आम्ही आहोत," आणि मग शिवला. ते सातवं गुपित ऐकताना मला तोच घाट आठवला.

गेल्या महिन्यात भावाला फोनवर विचारलं, अकरावं गाणं बी बाजूला का नाही भरलंस? तो म्हणाला, "अरे, तिथे आजी होती. पुसायला हात झाला नाही. आणि तुला सांगायचं राहून गेलं." ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. तिच्यातली एकच ओवी मला नीट आठवते:

*काव काव कावळ्या, बस आंब्याच्या डहाळी*
*माझ्या बंधवाची गाडी, आली वेशीच्या जवळी*

बाकीच्या ऐकून वीसेक वर्षं झाली. कॅसेट लावायला भीती वाटते, टेपवर पांढरी बुरशी दिसते आहे.

धवलारीण

डहाळी-जवळी! आमच्याकडेही कावळ्याला असंच विचारतात. त्या ओव्या लिहून घ्या हो. मी मदत करते, काही शब्द आता कुणाला कळणार नाहीत.

फेडर

खाडीपूल, ती कॅसेट अजिबात लावू नका. बुरशी हेडला लागते आणि टेप ओरबाडली जाते. रिवाइंडसुद्धा करू नका. उन्हात ठेवू नका, स्पीकरजवळ ठेवू नका, कोरड्या डब्यात घालून ठेवा. माझ्याकडे अजून चालू स्थितीतला डेक आहे. टेप नव्या खोक्यात बसवू, आतला दाबपट्टीचा स्पंज बहुतेक गळला असेल, तो बदलू. बुरशी मऊ कापडाने हळूहळू काढावी लागेल, त्याला वेळ लागतो. हेड स्पिरिटने पुसून, कोन जुळवून मगच वाजवायची, कदाचित एकदाच वाजेल, म्हणून पहिल्याच फेरीत संगणकावर घेऊ.

रविवारी सकाळी नऊला या. कोपरीत पूर्वेच्या बाजूला उतरलात की फोन करा, घ्यायला येतो. धवलारीणताई, तुम्हीही या, ऐकता ऐकता शब्द लिहिता येतील. ए बाजूचा अल्बम कुठेही मिळतो. आपण आधी बी बाजू करू.